कातडीला उभं, पडद्याला आडवं

माणसाचं तोंड न बघता आधी त्याचा गळा बघणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच इसम आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू आहे. तुम्हीआम्ही कुणी भेटलं की विचारतो, काय चाललंय, पाऊसपाणी काय म्हणतंय. आमचे साडू नमस्कार घेतात, पण त्यांची नजर तुमच्या हनुवटीखाली उतरलेली असते. माळेगावच्या जत्रेत बैलाचे दात बघणारे बघतात ना, अगदी तशी. मग ते मान डोलावून म्हणतात, "गळा चांगला हाय." यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडे नाही. ज्याचा गळा चांगला नाही त्याच्याशी ते जरा काळजीनं बोलतात, आजारी माणसाशी बोलावं तसं.

साडूंचं मूळ घर उदगीरचं. घराणं लिंगायत, तीन पिढ्यांची आडत, घरात अंडं उच्चारलं तरी चूळ भरायची पद्धत. त्या घरातला हा पोरगा बारावी झाल्यावर तूर-हरभऱ्याचे भाव सोडून फौजेत पळाला. तिथंही यांना बंदूक फार लाभली नाही. वैद्यकीय पथकात नर्सिंग असिस्टंट म्हणून घेतलं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी पायदळाच्या तुकड्यांबरोबर डोंगरदऱ्यांत पट्ट्या बांधण्यात काढली. हवालदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा उदगीरला न जाता मुदखेडला स्टेशनजवळ घर घेतलं आणि पिठाची गिरणी टाकली. का, तर म्हणे गाड्यांचा आवाज आल्याशिवाय झोप लागत नाही. माझी मेहुणी तेव्हापासून कानात कापूस घालून झोपते.

आता गळ्याचं काय ते सांगतो. साडूंकडे खाकी कापडाची एक गुंडाळी आहे. उलगडली की आत शिवलेल्या कप्प्यांत ओळीनं हत्यारं. एक चाकू, डॉक्टर वापरतात तो, रुंद पात्याचा. एक लांब लवचिक कांडी, टोकाला जराशी वाकलेली, तिला ते बूजी म्हणतात. एक वाकडी नळी, तिच्या टोकाला फुगा. फुग्यात हवा भरायला सिरिंज आणि नळी मानेला बांधायला फीत. जखमी माणसाचं तोंड, जबडा, नाक असं फुटलंय की वरून हवा जायला वाटच नाही, अशा वेळी गळ्याला समोरून छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी घालायची, त्याचा हा सरंजाम. ऑपरेशन थिएटर नाही, दिवा नाही, मदतनीस नाही. गुडघ्याखाली दगड आणि हातात तीन-चार मिनिटं.

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. स्वरयंत्राची आकृती मी डोळे झाकून फळ्यावर काढायचो, आणि पोरं ती जशीच्या तशी वहीत उतरवून पैकीच्या पैकी मार्क आणायची. त्यामुळे साडूंनी पहिल्यांदा ही गुंडाळी उलगडली तेव्हा मी जरा ऐटीतच म्हणालो, "हां, म्हणजे थायरॉइड आणि क्रिकॉइड या दोन कूर्चांच्या मधला पडदा." साडू म्हणाले, "बराबर. कुठं असतो?" मी म्हणालो, "आत्ताच सांगितलं की." ते म्हणाले, "सांगू नका साडूभाऊ. बोट ठेवून दावा." मी माझ्याच गळ्यावर बोट ठेवलं. त्यांनी ते बोट धरून चांगलं दोन बोटं खाली सरकवलं. तिथं खरंच एक लहानसा खड्डा लागला. तीस वर्षं मी जो पडदा शिकवला त्याला माझं बोट पहिल्यांदा लागत होतं, आणि मायला, तो माझ्याच गळ्यात होता! "आता तुम्ही ज्याच्या गळ्यात चाकू घातला असता," साडू शांतपणे म्हणाले, "तो मेला असता." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण त्याच दिवसापासून मला त्या विद्येचा नाद लागला, हेही कबूल करतो. कातडीवर छेद उभा का आणि पडद्यावर आडवा का, हे मी खोदून खोदून विचारलं. उभा छेद चुकला तर वर-खाली वाढवता येतो, आणि बाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्या वाचतात. पडदा मात्र आडवाच पसरलेला, म्हणून तिथं आडवा. "कातडीला उभं, पडद्याला आडवं," हे साडू असं म्हणतात की जणू स्तोत्रच. ती बूजी आत गेली की श्वासनलिकेच्या कड्यांवर तिचं वाकडं टोक टक टक करत घसरतं, पन्हाळी पत्र्यावरून काडी ओढल्यावर होतं तसं. ती टकटक हाताला लागली की समजायचं, बरोबर वाटेवर आहोत. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. असतं तरी मी पोरांना 'परीक्षेला येत नाही' म्हणून गाळायला सांगितलं असतं.

तर अशी विद्या असलेला माणूस गिरणीत बसला की काय होणार? जोंधळे घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा गळा साडू चाचपणार. दळण होईस्तोवर वेळ असतोच. "हितं बघा, हनुवटी वर करा, हां, हा खड्डा. ध्यानात ठिवा." हाताला पीठ लागलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या गळ्यावर मधोमध एक पांढरा ठिपका उमटायचा. मुदखेडात निम्मी माणसं गळ्यावर पांढरा ठिपका घेऊन फिरतात. रिक्षावाले, पोस्टमन, भाजीवाल्या, झाडून सगळे. कुणाला त्याचं काही वाटत नाही. घरचे ठिपका बघून ओळखतात की पीठ दळून झालेलं आहे.

कुणाला वाटेल, चाकू बाळगणारा माणूस चाकू चालवायला टपलेला असेल. तसं मुळीच नाही. एका बारशाला मला कांदाभजी अडकली. श्वास बंद, डोळे बाहेर, माझी बायको किंचाळली ती मला घास अडकला म्हणून नाही, साडू धावत येताना दिसले म्हणून. पण साडूंनी गुंडाळीला हातही लावला नाही. मला पुढं वाकवलं आणि पाठीत असे पाच दणके घातले की भजी समोरच्या व्याह्यांच्या ताटात जाऊन पडली. नंतर मला पाणी पाजत म्हणाले, "चाकू लई शेवटी असतो, साडूभाऊ. चाकू निघाला म्हंजी बाकीचं समदं हरलं." निवृत्तीनंतर आजपर्यंत त्यांनी माणसावर तो चाकू एकदाही उघडलेला नाही. दवाखाना जवळ असताना उघडायचाही नसतो, हे तेच सगळ्यांना बजावतात.

पण हात तर चालू राहिला पाहिजे ना! प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. म्हणून दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी आमचे साडू, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, कपाळाला काल लावलेल्या विभूतीचे पुसट पट्टे, असे मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहतात. मटणवाले चाचा त्यांच्यासाठी बकऱ्याचं नरडं बाजूला काढून ठेवतात. माणसाच्या गळ्याला तेवढंच जवळचं. मागच्या अंगणात फरशीचा एक वेगळा ओटा, वेगळी बादली, वेगळा टॉवेल. नरड्यावर फडकं ताणायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि नुसत्या बोटांनी पडदा शोधून नळी घालायची. बाजूला त्यांची लेक पमी घड्याळ धरून उभी. पमी पुढं नर्स झाली, नांदेडला नोकरीला लागली, ती या ओट्यावरूनच. बापाच्या पाठोपाठ तीही पट्टी बांधून बसायची. मेहुणी तेवढा वेळ घरात देवापुढं बसून मोठ्यानं नाव घ्यायची. मग दोघांना दोनदा आंघोळ.

साडूंच्या गळ्यात लिंगाच्या पेटीशेजारी, त्याच दोऱ्यात, करंगळीएवढी एक पितळी नळी असते. दोन्ही बाजूंनी बंद, झिजून गुळगुळीत झालेली. बघणाऱ्याला वाटावं ताईत. गळ्यात लिंग असताना ताईत म्हणजे लिंगायत माणसाला चांगलीच खटकणारी गोष्ट. मी किती वेळा विचारलं, "साडूभाऊ, यात काय आहे?" माझा स्वभाव असा की बंद डबी दिसली की हाताला खाज सुटते. ते एकच बोलायचे, "सांगू कधीतरी." आणि विषय निघाला की त्यांचा हात त्या नळीवर जायचा.

पमीच्या लग्नाचं निघालं आणि इथं सगळं एकत्र येऊन आमच्या अंगावर पडलं. पहिली दोन स्थळं साडूंनी फोटो बघूनच परत केली. "पोरगा सोन्यासारखा हाय, पण मान आखूड हाय. येळ पडली तर जड जाईल." मेहुणी रडायची तेवढी बाकी. शेवटी मीच मध्ये पडलो. उदगीरचा माझा एक जुना विद्यार्थी, तंत्रनिकेतनात शिकवणारा, सालस मुलगा, आणि मुख्य म्हणजे मान बगळ्यासारखी. पमीलाही तो आवडला. इतका आवडला की आमच्या घरी येऊन मावशीला हळूच म्हणाली, "हे मोडलं तर मला दुसरं दाखवू नका." पण त्या घरात शब्द चालायचा आजोबांचा. आजोबा म्हणजे कडक लिंगायत. बाहेरचं पाणी पीत नाहीत, पूजा झाल्याशिवाय बोलत नाहीत. आणि बैठकीच्या दोन दिवस आधी मला निरोप आला की आजोबांच्या कानावर मटणाच्या दुकानाचं काहीतरी गेलंय, ते समोरासमोर विचारणार आहेत.

मी मध्यस्थ, सगळ्यांना जबाबदार. मेहुणी आणि मी मिळून तोडगा काढला. शेजारच्या रेल्वेवाल्यांचं कुत्रं मागून आणलं, अंगणात बांधलं, समोर वाडगं ठेवलं. कुणी विचारलं तर सांगायचं, मटणाच्या दुकानात जातात ते या मुक्या जनावरासाठी. साडूंना म्हणालो, "तुम्ही फक्त गप्प बसा." ते "हाव" म्हणाले, म्हणजे हो. फौजेतला माणूस, वाटलं हुकूम पाळेल.

पाहुणे स्टेशनवरून रिक्षानं आले. आजोबा आत येतानाच खूश होते. "लई भाविक गाव हाय हो तुमचं," ते मला म्हणाले. "रिक्षावाल्यानंबी गळ्याला विभूती लावलेली. रस्त्यानं पाच-सहा जण बघितले. आमच्या उदगिरात आता कपाळालासुद्धा कुणी लावीना." मी हो हो म्हणत घाम पुसला. पोहे झाले, चहा झाला, पमी येऊन बसून गेली. मग आजोबांनी पुसून पुसून चष्मा लावला.

"दोनच गोष्टी विचारायच्यात," ते म्हणाले. "आमच्या कानावर आलंय की हे दर रविवारी मटणाच्या दुकानावर असतात. आणि दुसरं म्हंजी, लिंगाशेजारी ह्यो ताईत कशाचा?"

मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, मटणाच्या दुकानात म्हणजे ते कुत्र्यासाठी. ते बघा ना अंगणात."

सगळ्यांनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्यानं शेपूट हलवलं. मेहुणी दारातून म्हणाली, "लई वर्सं झाली पाळून."

"कुत्रं शेजाऱ्याचं हाय," साडू म्हणाले. "सकाळीच आणलंय."

झालं! मला वाटलं भुई फाटावी आणि मी त्या कुत्र्यासकट आत जावं. मेहुणीनं पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीच्या दाराआड पमीची सावली होती, ती जागची हलली नाही. साडू मात्र उठले, आतून खाकी गुंडाळी आणली आणि पाहुण्यांसमोर सतरंजीवर उलगडली. पोह्यांच्या बशा बाजूला सारून चाकू, कांडी, नळी. "मी खात न्हाई," ते म्हणाले. "नरडं आणतो आणि हात चालवतो. पोरगीबी चालवती. माझ्यापेक्षा तिचा हात बरा हाय." एवढं सांगायची काय गरज होती! पण एकदा खरं बोलायला लागले की आमचे साडू मध्ये थांबत नाहीत. आणि मग ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं झुरलो, ते त्यांनी केलं. दोऱ्यातली पितळी नळी उघडून तळहातावर उपडी केली.

आतून एक स्टीलची वाकडी सुई निघाली. क्रोशाच्या सुईसारखी, पण आकडा मोठा आणि दांडी कापून लहान केलेली. हूक.

"इस्लापूरकडचा एक पोरगा होता आमच्या तुकडीत," साडू म्हणाले. "म्हणायचा, हवालदारसाहेब, पाणी पडलं की या, तुम्हाला सहस्रकुंडाचा धबधबा दावतो. एक दिवस त्याचा जबडा उडाला. तोंडानं हवा जाईना. मी खाली बसलो. पडदा सापडला, कापलाबी, बराबर कापला. पण भोक लगेच कातडीखाली सरकतं. हे हूक घालून वर धरावं लागतं, मग नळी जाती. पिशवीत हात घातला, हूक न्हाई. वाटंत नाला ओलांडला होता, तिथं पडलं असणार. बोटानं धरलं. रगत लई, बोट निसटलं. नळी भलतीकडं गेली."

अंगणातलं कुत्रं आता खाली बसलं होतं.

"वाकडी सुई एवढीशी," साडू म्हणाले. "लहानपणी तुमच्यासारख्या थोरांनी शिकवलं, लिंग अंगावेगळं करायचं न्हाई. मग मी म्हणलं, हेबी करायचं न्हाई. म्हणून पुढं दुसरं हूक मिळालं ते त्याच दोऱ्यात बांधलं. तुम्हाला चालत नसंल तर तसं सांगा. पण पोरीला नाव ठिवू नका."

आजोबांनी चष्मा सारखा करून त्या हुकाकडे बघितलं. मग म्हाताऱ्यानं काय करावं? डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि हनुवटी वर केली. "माझा बघा," ते म्हणाले.

साडू पुढं सरकले. आजोबांची मान आखूड, जाड, खाली तीन वळ्या. बोट बराच वेळ फिरत होतं. "जड जाईल," साडू म्हणाले. मग थांबले. "पण सापडला. हा बघा."

आजोबांनी स्वतःचं बोट तिथं नेलं आणि गिळून पाहिलं. "अरे शिवा," ते हळूच म्हणाले, "हितं असतो व्हय." मग टोपी घालून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दुकानात जाणं सोडू नका. फक्त आंघोळ करून पूजेला बसत जा."

"दोनदा करतात!" मेहुणी दारातून ओरडली, आणि मग तिला हसू आणि रडू एकदमच आलं. जाताना आजोबांनी रिक्षावाल्याच्या गळ्यावरचा ठिपका नीट निरखला. ते पीठ आहे हे त्यांना कळलं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

लग्न उदगीरला झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, मीसुद्धा. साडू कोरडेच होते. गाडी सुरू झाली तशी त्यांनी पमीला खाली उतरवलं. डाव्या मुठीत लिंगाची पेटी घट्ट धरली, उजव्या हातानं दोऱ्याची गाठ सोडली आणि पितळी नळी काढून घेऊन गाठ पुन्हा मारली. मग नळी पमीच्या गळ्यातल्या दोऱ्यात, तिच्या लिंगाच्या पेटीशेजारी ओवली. तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "नाला ओलांडला की हात लावून बघत जायचं."

"हाव बाबा," पमी म्हणाली.

परवा मी मुदखेडला गेलो होतो. रविवार होता, पण साडू दुकानात गेले नव्हते. हात अलीकडे थोडा कापतो. चाचांनी नरडं काढून ठेवलं होतं म्हणे, मग निरोप पाठवावा लागला. गिरणी चालू होती, आवाजात आम्ही मोठमोठ्यानं बोलत होतो. बोलता बोलता त्यांचा हात छातीवर जायचा, चांदीची पेटी लागायची, तिच्याशेजारी बोटं जराशी चाचपडायची आणि मग हात खाली यायचा. दोन-तीनदा असं झालं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

निघताना मी म्हणालो, "साडूभाऊ, माझा पडदा जागेवर आहे का बघा बरं." ते हसले. पिठाचं बोट माझ्या गळ्यावर टेकवून थोडा वेळ तसंच धरलं. बोट कापत होतं, पण जागा अगदी बरोबर होती. "हाय," ते म्हणाले. लातूर येईस्तोवर मी तो ठिपका पुसला नाही.